थोरलीचं पहिलं वर्ष

थोरली विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला आली तेव्हा तिच्या पिशवीत सुईदोरा होता, कात्री होती, ताप मोजायचं यंत्र होतं, पोटदुखीच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्या होत्या, आणि कपड्यांचे चिमटे तर इतके होते की अख्ख्या मजल्याचं धुणं वाळत घालता आलं असतं. उशी मात्र आणायची राहिली होती. पहिल्या रात्री ती टॉवेलाची घडी डोक्याखाली घेऊन झोपली आणि दुसऱ्या रात्रीही तशीच झोपली, कारण दिवसभरात उशी आणायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

घरात दोनच मुली. मोठी ती थोरली आणि पाठची ती धाकटी. दोघींना नावं होती, पण ती शाळेच्या दाखल्यापुरती. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरात कुठेही कुणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की यांचा फोन वाजायचा, मग तोंडातला घास तोंडात आणि हातातला ताटात. त्यामुळे बाबा घरात आहेत असं म्हणायची सोय नव्हती. असले तरी ते निम्मे बाहेरच असायचे.

आणि आईच्या हातांना संधिवात झाला. थोरली तेव्हा शाळेतच होती. आधी बरण्यांची झाकणं उघडेनात, मग गुंड्या लागेनात, मग कंगवा धरवेना. बोटं एका बाजूला कलत गेली, वाऱ्याने झाड कलतं तशी. थोरलीला कुणी बसवून सांगितलं नाही की आता घर तुझ्यावर. पाणी उताराकडे जातं तशी कामं तिच्याकडे आली, एवढंच. सकाळी आईची वेणी घालायची, गुंड्या लावायच्या, औषध द्यायचं, स्वयंपाक उरकायचा, बाबांचा डबा भरायचा, धाकटीला ओरडून उठवायचं आणि मग स्वतः धावत शाळा गाठायची. धाकटी अंग चोरण्यात लहानपणापासून पटाईत. कामाच्या वेळेला तिचं पोट दुखायला लागायचं आणि पान वाढलं की थांबायचं.

थोरलीने अभ्यास केला तो ओट्याशी उभं राहून. पुस्तक भिंतीला टेकवायचं, भाजी हलवायची आणि एकेक ओळ पुटपुटत पाठ करायची. गणित पाठ करायची गोष्ट नाही असं म्हणतात. थोरलीने केलं. शेवटच्या परीक्षेत ती शाळेत पहिली आली आणि विद्यापीठात गणितालाच तिला जागा मिळाली. विद्यापीठ दुसऱ्या गावी, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. ती जाणार नाही असंच तिने गृहीत धरलं होतं. पण बाबा म्हणाले, "जा." आई दोन दिवसांनी म्हणाली, "जा तू. आम्ही बघू."

आम्ही बघू म्हणजे नेमकं काय बघणार, ते त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

वसतिगृहाची खोली लहान. दोन पलंग, दोन टेबलं, एक खिडकी आणि खिडकीखाली सायकलींचा स्टँड. खोलीतली दुसरी मुलगी वास्तुकलेची होती, वर्षभर आधीपासून तिथे राहिलेली. ती सदानकदा पुठ्ठे कापून घरांचे नमुने करायची. तिच्या पलंगावर पुठ्ठा, टेबलाखाली पुठ्ठा, केसांतही कधीकधी पुठ्ठ्याचं एखादं चिटोरं. सगळ्या मजल्यावर तिला पुठ्ठा म्हणत आणि तीही ओ देत असे. थोरलीला पहिल्या दिवशी तिने एवढंच सांगितलं, "माझा पसारा दिसतो तसा नाहीये. त्याला रीत आहे." थोरलीने मान डोलावली, पण तिला रीत काही दिसली नाही.

थोरलीला पहाटे जाग यायची. इतक्या वर्षांची सवय अंगात मुरलेली. डोळे उघडले की पाय आपोआप खाली टेकायचे, आणि मग ती त्या अर्धवट उजेडात पलंगाच्या कडेवर बसून राहायची. उठून करायचं काय? कुणाची वेणी नाही, कुणाचा डबा नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण अंधारात पायरी चुकल्यासारखं व्हायचं.

म्हणून तिने कामं शोधली. शोधणाऱ्याला कामांचा काय तोटा. पुठ्ठाचं पांघरूण घडी करून ठेवलं. कपबश्या विसळल्या. बाथरूमपुढे ओल साचायची तिथे जुनं फडकं टाकलं. शेजारच्या खोलीतल्या मुलीला सकाळच्या तासाला जाग यायची नाही, तिला उठवायचं कबूल केलं. कुणाचं डोकं दुखलं तर गोळी, कुणाचं बटण तुटलं तर सुईदोरा, कुणी मेसमध्ये जेवायला आली नाही तर तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट. महिनाभरात मजल्यावरच्या मुली तिला मावशी म्हणायला लागल्या. तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्यासुद्धा. सुरुवातीला तिला ते आवडलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही ऊब तिला ओळखीची होती, आणि त्या परक्या गावात ओळखीचं दुसरं काही नव्हतंही.

संध्याकाळी ती घरी फोन लावायची.

"औषध दिलंस का?"

"दिलं."

"जेवायच्या आधीचं की नंतरचं?"

"ताई, दोन्ही दिली गं. ठेवू आता?"

"आईची वेणी सैल घाल. घट्ट घातली की तिचं डोकं चढतं."

धाकटी तिकडून सुस्कारा टाकायची. पुढेपुढे फोन वाजत राहायचा आणि कुणी उचलायचं नाही.

राहता राहिला अभ्यास. तो खरोखरच राहतच गेला. गणिताचा मुख्य विषय शिकवायला जे सर होते त्यांना मुलं 'उघडच' म्हणत. फळ्यावर एक ओळ लिहायची, तिच्याखाली दुसरी लिहायची आणि म्हणायचं, "हे तर उघडच आहे." पुन्हा तिसरी ओळ. तीही उघडच. माणूस साधा, आवाज मऊ, कुणावर कधी चिडायचे नाहीत. पण थोरलीला त्यातलं काहीएक उघड व्हायचं नाही. शाळेत उदाहरणं असत, त्यांची एक चाल असे, ती चाल पाठ केली की झालं. इथे 'सिद्ध करा' म्हणत, आणि कशावरून सुरू करायचं तेच कळत नसे. तिने आपली जुनी युक्ती करून पाहिली. वहीतल्या सिद्धता घोकल्या. चाचणीत प्रश्न जरासा फिरवून आला आणि पाठांतर पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखं वाहून गेलं.

आणि तिला झोप यायची. वर्गात बसली की पापण्या जड. वाचनालयात पुस्तक उघडलं की अक्षरं एकमेकांवर चढायची. एकदा तर ती उघडच सरांच्या तासाला पहिल्या बाकावर झोपली. तास संपला, मुलं गेली, आणि जाग आली तेव्हा सर एकटे फळा पुसत होते. खडखड नको म्हणून हळूहळू पुसत होते. ती शरमेने गोरीमोरी झाली. सर फक्त म्हणाले, "खिडकीजवळ बसत जा. वारा लागतो."

आपल्याला काहीतरी आजार आहे असं धरून ती विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि रिपोर्टावरून नजर फिरवत म्हणाल्या, "तुला काही झालेलं नाही. दमली आहेस तू."

"पण इथे मी काहीच करत नाही."

"घरी कामं कोण करायचं?"

"मी."

"आणि इथे?"

थोरलीने मनात सकाळपासूनची कामं मोजली. मग म्हणाली, "इथेही मीच."

डॉक्टरीणबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या, कारण काहीतरी लिहून दिल्याशिवाय माणसाला उठता येत नाही.

सहामाही परीक्षेच्या तोंडावर पुठ्ठ्याच्या तुकड्यांचं एक प्रकरण झालं. रविवार होता. पुठ्ठा सकाळीच रंग आणायला बाहेर गेली होती. थोरली अभ्यासाला बसली, पण एका ओळीच्या पुढे जाईना. मन लागेना तेव्हा हात काम मागतात. तिने खोली झाडायला काढली. टेबलाखाली पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्यांचा ढीग होता, नखाएवढे तुकडे, काही दुमडलेले, काही डिंकाने चिकटलेले. तिने तो सुपलीत भरला आणि जिन्याखालच्या कचऱ्याच्या मोठ्या पिंपात नेऊन टाकला. परत येऊन लादी पुसली. खोली लख्ख दिसायला लागली आणि तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

पुठ्ठा आली. दारात उभी राहिली. टेबलाखाली वाकली.

"इथे जिना होता," ती म्हणाली.

"कसला जिना?"

"माझा. गोल जिना. त्याच्या पायऱ्या होत्या इथे. उद्या द्यायचाय."

दोघी खाली धावल्या. पिंप रिकामं होतं. कचरागाडी येऊन गेली होती. पुठ्ठा पायरीवर बसली. तिने आरडाओरडा केला असता तर थोरलीला सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं का आवरायला?"

"नाही."

"मी कधी म्हटलं, माझं पांघरूण घडी कर? कप विसळ? तू मला रोज सकाळी माझ्याच खोलीत पाहुणी करून टाकतेस. सांगायला गेले तर मीच कृतघ्न ठरणार, म्हणून गप्प बसले."

 थोरलीने माफी मागितली, पाचसहा वेळा, एकाच दमात. मग म्हणाली, "मी मदत करते. पट्ट्या मी कापते. आत्ता बसू आणि—"

"नको," पुठ्ठा म्हणाली. "तू फक्त बस. हात लावू नकोस."

त्या दुपारी थोरली आपल्या पलंगावर बसून होती आणि समोर पुठ्ठा जमिनीवर मांडी घालून जिना नव्याने करत होती. पट्टी आखायची, सुरी फिरवायची, फुंकर मारायची, चिकटवायची. सुरी बोथट झाली तेव्हा थोरली पातं बदलायला उठली. पुठ्ठाने मान वर न करता म्हटलं, "बस." पाण्याची बाटली रिकामी झाली. थोरलीचे पाय पुन्हा खाली आले. "बस म्हटलं ना." इतकं अवघड काम तिने जन्मात केलं नव्हतं. हात मांडीवर ठेवले तर ते परक्याचे वाटत होते. तिला रडू यायला लागलं, ते कशाचं ते तिलाही कळलं नाही, आणि पुठ्ठानेही विचारलं नाही. रडता रडता ती भिंतीला टेकली आणि तशीच झोपली. उठली तेव्हा सोमवारचं ऊन खिडकीत आलं होतं, सकाळचा तास बुडाला होता, अंगावर कुणीतरी चादर टाकलेली होती आणि पुठ्ठा जिना घेऊन केव्हाच निघून गेली होती.

त्यानंतर दोघींची गट्टी जमली असं काही लगेच झालं नाही. बोलणं कामापुरतं राहिलं. पण थोरलीने पांघरूण घडी करायचं सोडलं.

सहामाहीचा निकाल लागला. थोरली दोन विषयांत नापास. त्यातला एक उघडच सरांचा. निकालाचा कागद लावला होता त्या भिंतीपुढे ती बराच वेळ उभी होती. शाळेत पहिली आलेली मुलगी, नातेवाइकांत जिचं उदाहरण द्यायचे ती. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून जास्त तिला बसावंसं वाटत होतं. घरी तिने फोनवर काही सांगितलं नाही. झाकली मूठ तिने सुट्टीपर्यंत तशीच ठेवली.

सुट्टी लागली. घराचं दार आईने उघडलं. हीच पहिली नवल वाटायची गोष्ट, कारण आईला कडी सरकवता येत नसे. पाहिलं तर कडीला जाड दोरीचा फास बांधला होता. त्यात मनगट अडकवून आईने ती ओढली होती. आणि मग थोरलीने आईच्या डोक्याकडे पाहिलं.

कंबरेपर्यंतचे केस मानेपर्यंत आले होते. कापलेही वेडेवाकडे, एका कानाशी आखूड आणि दुसऱ्याशी लांब.

"हे कुणी केलं?"

"मी," धाकटी आतून म्हणाली. "रोज विंचरायचं कोण?"

इतक्या वर्षांत थोरलीने ते केस किती वेळा उलगडले असतील, तेल लावून किती वेळा बांधले असतील. तिच्या बोटांना त्या केसांचं वजन ठाऊक होतं.  पिशवी ठेवायला म्हणून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

घराची अवस्था बघवत नव्हती. ओट्यावर भांड्यांचा ढीग, कोपऱ्यांत धूळ, कपडे खुर्चीवर. आईच्या अंगात गुंड्यांऐवजी नाड्या लावलेला सैल झगा. डब्यांची झाकणं तर सगळी गायब. कशावर वाटी पालथी, कशावर बशी, साखरेवर एक जुनी वही. थोरलीने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि कामाला लागली. झाकणं माळ्यावर एका पिशवीत सापडली. तिने डबे धुतले, पुसले, भरले, झाकणं घट्ट लावून ओळीने मांडले. घर पुन्हा घरासारखं दिसायला लागलं.

दुपारी ती अंथरुणावर पडली होती. स्वयंपाकघरात काही आवाज नव्हता, पण कुणीतरी उभं असल्याचं जाणवत होतं. तिने डोकावून पाहिलं. चहाचं आधण ठेवलेलं. आई साखरेच्या डब्यापुढे उभी होती, दोन्ही तळवे झाकणावर ठेवून. ती ते फिरवायचा प्रयत्नही करत नव्हती.

"झाकण घट्ट बसलंय गं," आई म्हणाली.

"तू चहा करतेस?"

"रोज करते. दोन्ही हातांनी धरलं की पातेलं उचलतं. थोडा सांडतो."

थोरलीने डबा उघडला. मग शेजारचा उघडला. मग तिने एकेक करून सगळी झाकणं काढली आणि पुन्हा त्या पिशवीत भरली. आईने चहा केला. थोडा सांडला. दोघी ओट्याला टेकून प्यायल्या.

"केस कापताना रडलीस?"

"पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मान हलकी वाटली," आई म्हणाली. कप दोन्ही तळव्यांत धरून पुढे म्हणाली, "तू होतीस तेव्हा मला काही करायची वेळच आली नाही. मागायच्या आधी हातात यायचं. तू दमतेस हे दिसायचं मला. पण बोलले नाही कधी."

"का?"

"बोलले आणि तू खरंच थांबलीस तर? मग माझं कोण करणार, ही भीती. आईने असं म्हणू नये. पण होतं तसं."

थोरलीने कप विसळायला घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. तिला आईचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला आणि खरा आला. तो दोन दिवस टिकला. त्या दोन दिवसांत ती आईशी नीट बोलली नाही, आणि आईने ते मुकाट्याने सोसलं.

नापास झाल्याचं तिने बाबांना सांगितलं ते एका इमारतीच्या गच्चीवर. लिफ्टची मोटर वरच्या खोलीत होती. बाबांचा मदतनीस आजारी, म्हणून ते हिला बॅटरी धरायला घेऊन गेले होते. खोलीत ग्रीसचा वास, वर पोलादी दोर गुंडाळलेलं मोठं चाक, आणि खाली मधल्या मजल्यांवरून लोक विचारत होते, झालं का, झालं का.

"बाबा, मी दोन विषयांत नापास झाले."

ते नट आवळत होते. आवळून झाल्यावर म्हणाले, "कशाकशात?"

तिने सांगितलं.

"म्हणजे काय असतं ते?"

ती समजावायला लागली. सगळीकडे तुटक न होता जाणारी रेष, तिच्याबद्दल काय काय सिद्ध करायचं, वगैरे. बाबांनी पाना हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"मला नाही कळलं," ते म्हणाले.

"मलाही नाही."

दोघांनाही हसू आलं. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला, तिथे ग्रीसचा पट्टा उमटला. जवळून पाहिल्यावर तिला दिसलं, बाबा म्हातारे दिसायला लागले होते.

"परत ये म्हणू का?" त्यांनी विचारलं.

थोरलीने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. "नको."

"मग नाही म्हणत. उजेड जरा इकडे धर."

सुट्टी संपवून ती परत आली. येताना, इतक्या महिन्यांनी, उशी घेऊन आली. काही एकदम बदललं नाही. झोप अजून यायची, गणित अजून अंगावर यायचं. पण तिने गोळ्यांचा डबा आणि सुईदोरा बाहेरच्या सामाईक खिडकीत नेऊन ठेवला, ज्याला लागेल त्याने घ्यावं म्हणून. शेजारच्या खोलीतल्या मुलीला सांगितलं, तुझं तू घड्याळ लाव. त्या मुलीने मजल्यावर सांगत सुटायला कमी केलं नाही की मावशीला शिंगं फुटली. थोरलीला वाईट वाटलं. वाईट वाटून घेत ती तशीच वाचनालयात गेली.

आणि एके दिवशी तास संपल्यावर ती उघडच सरांच्या खोलीत गेली. वही छातीशी धरली होती.

"सर, तुम्ही उघड आहे म्हणता ते मला उघड नसतं."

सरांनी चष्मा काढला. "कितव्या ओळीपासून?"

"पहिल्या."

त्यांना वाईट वाटलं की गंमत वाटली ते कळलं नाही. "बसा," ते म्हणाले. "पहिल्या ओळीपासून तर पहिल्या ओळीपासून."

दर बुधवारी ती जायला लागली. सर काही जादू करत नव्हते. तेच सांगायचे, फक्त सावकाश, आणि ती 'नाही कळलं' म्हणाली की पुन्हा सांगायचे. एका ओळीवर अख्खा बुधवार जायचा. परत येताना तिचं डोकं भणभणायचं. ओट्याशी उभं राहून पाठ करायची तेव्हा निदान पानं उलटत तरी होती. इथे पान हलत नव्हतं, पण एखादी ओळ रात्रभर डोक्यात राहायची आणि सकाळी तशीच सापडायची, न घोकता. खोलीवर आली की ती आडवी व्हायची. पुठ्ठा विचारायची, "जेवलीस?" आणि नसली जेवली तर म्हणायची, "मग जा. मी आणणार नाही." आणि कधीतरी आणायचीही.

वर्षअखेरीच्या परीक्षेत उघडच सरांच्या विषयात ती काठावर सुटली. दुसरा राहिलाच. तो पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा होता. निकाल ऐकून ती नाचली नाही आणि रडलीही नाही.

सुट्टीला घरी निघायच्या आधी धाकटीचा फोन आला. ती क्वचितच आपणहून फोन करायची.

"ताई, पुढच्या वर्षी माझी शेवटची परीक्षा आहे. मग आईचं कोण करणार?"

थोरलीच्या जिभेवर आलंच होतं, मी येईन. इतक्या वर्षांच्या सवयीने ते शब्द आपोआप तयार होते. तिने ते गिळले. फोनमध्ये धाकटीचा श्वास ऐकू येत होता. दमलेल्या माणसाचा श्वास. तो तिला ओळखता येत होता.

"सुट्टीत मी आहे," थोरली म्हणाली. "वर्षभर नाही."

"म्हणजे मीच."

"बाबा आहेत. आईला जमतं ते आई करते. सकाळी कुणी बाई मिळते का बघू. तूच एकटी नाही."

"तुझं बरं आहे," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ते बोलणं थोरलीला बसमध्ये घरापर्यंत टोचत राहिलं. खोटं नव्हतंच ते. घरी आल्यावर चौघं बसली आणि कामं वाटली. वाटणी कागदावर चांगली दिसली आणि पहिल्याच आठवड्यात मोडली. सकाळी येणारी बाई मिळाली, ती येई तेव्हा येई. बाबांच्या वाट्याला रात्रीची भांडी आली होती, आणि भांडी घासायच्या वेळेला शहरातली कुठली ना कुठली लिफ्ट नेमकी अडकायची. धाकटी म्हणायची, ही लिफ्ट तुम्हीच फोन करून अडकवता.

एका संध्याकाळी थोरली आतल्या खोलीत राहिलेल्या विषयाचं पुस्तक घेऊन बसली होती. बाहेर बाबांचं आणि धाकटीचं भांड्यांवरून जुंपलं होतं. काल कुणी घासली, परवा कुणी, आणि तुमचं पातेलं तेलकटच राहतं. आई मधेच काहीतरी म्हणाली ते कुणी ऐकलं नाही. थोरली उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन बसली. अर्धी ओळ वाचली. भांडं पडल्याचा आवाज आला तेव्हा पुन्हा उठली आणि पुन्हा बसली. तिसऱ्यांदा उठली ती दार लोटून घ्यायला.